गाडीची घडणावळ

सराफाच्या पेढीवर जुना दागिना घेऊन गेलेल्या प्रत्येक गृहिणीला एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. पाटली करवितांना सोन्याची किंमत निराळी द्यावी लागते आणि घडणावळ निराळी. परंतु तीच पाटली मोडीस घातली म्हणजे सराफ केवळ सोनें तोलतो, त्यांतूनहि घट वजा करतो, आणि घडणावळीचें नांवसुद्धां काढीत नाहीं. नक्षी कितीहि सुबक असो, जिच्या हौसेसाठीं ती काढली तिच्यापुरतेंच तिचें मोल. हा नियम ज्या घरांत चार पिढ्या ठाऊक आहे, त्याच घरांतील एका पोक्त माणसाला तो मोटारीच्या बाबतींत आठवूं नये, हें आश्चर्य खरें. तो पोक्त माणूस म्हणजे प्रस्तुत लेखकच होय. म्हणून ही हकीकत सांगण्याचें काम माझ्याकडे येतें.

आमचें कुटुंब एकत्र, बिऱ्हाड सदाशिव पेठेंत. माझे वडील बंधु वारल्यावर वहिनींनीं घरगुती स्वयंपाकाचीं कामें घेण्यास प्रारंभ केला आणि पुढें माझ्या पुतण्यानें तोच व्यवसाय वाढविला. मुंज, साठीशांत, डोहाळजेवण अशा कार्यांसाठीं पन्नासपासून दोनशें पानांपर्यंतचा स्वयंपाक घरीं करावयाचा आणि तो ऊन ऊन कार्यस्थळीं पोंचवावयाचा. आरंभीं आम्ही भाड्याचा टेंपो आणीत असूं. पुण्यांत कोणत्याहि मालवाहू गाडीला टेंपोच म्हणण्याचा प्रघात आहे. १९५८ सालीं स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीनें जर्मनीच्या ‘टेंपो’ जातीचीं तीनचाकी वाहनें आपल्याकडे काढलीं आणि पुढें आकुर्डीच्या कारखान्यानें हें विशेषनाम पार सामान्यनाम करून टाकलें. २००५ सालीं त्या कंपनीचें नांव फोर्स मोटर्स झालें. त्याच वर्षीं टाटांची एस ही छोटी गाडी निघाली व लोकांनीं तिला ‘छोटा हत्ती’ म्हणावयास सुरुवात केली. पण वहिनींच्या तोंडीं सगळ्या गाड्या अजून टेंपोच आहेत.

२०२१ च्या श्रावणांत पुतण्यानें बँकेचें कर्ज काढून स्वतःची पिकअप घेतली. मार्गावर येईपर्यंत तिला आठ लक्ष साठ हजार रुपये पडले. गाडी उघड्या हौद्याची होती. तिच्यांतून अन्न न्यावयाचें तर ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून बचाव पाहिजे. शिवाय वळणावर भांडें कलंडतां कामा नये. म्हणून त्यानें हौद्यावर पत्र्याची बंद पेटी बसवून घेतली, आंतून उष्णतारोधक अस्तर लावलें, आणि बिनगंजी पोलादाच्या मांडण्या करविल्या. त्या मांडण्या म्हणजे आमच्या घराचें मापच होतें म्हणाना! वरणाचें तपेलें, मसालेभाताचें पातेलें, कढीची कासंडी, पोळ्यांचे डबे आणि मठ्ठ्याचें पिंप या प्रत्येकाचा परीघ दोऱ्यानें मोजून तितक्याच परिघाचीं कडीं त्यांना लावलीं होतीं. बाहेरून फिकट पिवळा रंग, आणि पाठीमागें माझ्याच हस्ताक्षरावरून रंगाऱ्यानें काढलेलीं ‘अन्नपूर्णा’ हीं अक्षरें. या सर्वांस दोन लक्ष पस्तीस हजार रुपये खर्च आला.

त्यांपैकीं पंचावन्न हजार जवळचे होते. उरलेल्या एक लक्ष ऐंशी हजारांसाठीं वहिनींनीं आपल्या चार पाटल्या सोनेतारणास काढून दिल्या. देण्यापूर्वीं त्यांनीं मला विचारलें, “भावोजी, हें करावें का?” मीं उत्तर दिलें, “वहिनी, पैसा कोठें जात नाहीं. तो गाडींतच राहतो. उद्यां गाडी विकली तर व्याजासकट उभा राहील.” मला शाळेंत पस्तीस वर्षें शहाणपण सांगण्याची संवय, माझ्या स्वरांत संशयाला जागा नव्हती. वहिनींनीं पाटल्या उतरविल्या.

चार वर्षें गाडीनें इमानें काम केलें. २०२५ सालीं गाडीचें कर्ज फिटलें. पुतण्याच्या मनांत सी. एन. जी. वर चालणारी नवी गाडी घ्यावयाचें होतें, आणि त्याच सुमारास, २२ सप्टेंबर २०२५ पासून, मालवाहू मोटारींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा अठ्ठावीसवरून अठरावर आला. सात लक्ष मूळ किंमतीच्या गाडीवर हा फरक सत्तर हजारांचा होतो. तेव्हां जुनी देऊन नवी घ्यावी असें ठरलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, एवढेंच म्हणाल्या, “आतां पाटल्या सुटतील ना?”

आम्ही दोघे एका विक्रेत्याकडे गेलों. तेथील तरुण पारख्यानें गाडीभोवतीं दोन फेऱ्या घातल्या, पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, “काका, ही साधी उघडी गाडी असती तर सव्वापांच लाखांपर्यंत जमलें असतें. हिचे चार साठ.” मला वाटलें, तो चुकून उलट बोलला. दोन लक्ष पस्तीस हजार खर्च केलेल्या गाडीची किंमत खर्च न केलेल्या गाडीहून पासष्ट हजारांनीं कमी! मीं त्याला मांडण्या दाखविल्या, अस्तर दाखविलें, कडीं दाखविलीं. तो नम्रपणें म्हणाला, “तें सगळें काढायला आम्हांलाच मजुरी पडेल.” परतीच्या वाटेवर पुतण्याहि बोलला नाहीं व मीहि बोललों नाहीं. मला चार वर्षांपूर्वीचें माझें वाक्य ऐकूं येत होतें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं; तेव्हां पाटी-पेन्सिल घेऊन बसावें तसा मी कागद घेऊन बसलों. गाडी जुनी होतांच तिचें मोल उतरतें हें कोणालाहि कळतें. विमा कंपन्यांचें प्रमाणच पाहा ना! पहिले सहा महिने शेंकडा पांच, वर्ष पुरें होईपर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षीं वीस, तिसऱ्या वर्षीं तीस, चौथ्या वर्षीं चाळीस आणि पांचव्या वर्षीं पन्नास, इतकी घट त्या धरतात. हा कांहीं बाजारभाव नव्हे. परंतु उताराची दिशा त्यावरून समजते. नव्या गाडीचा कर उतरला म्हणजे जुन्या गाडीचा भावहि खालीं येतो, कारण नवी स्वस्त झाल्यावर जुनीला पूर्वींचा दर कोण देईल? येथपर्यंत ठीक. पण बदलांमुळें किंमत वाढण्याऐवजीं घटते, याचीं कारणें मीं पुढील आठ दिवसांत नाना पेठेंतील मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि दोन मेस्त्र्यांच्या पायरीवर बसून समजून घेतलीं.

पहिलें कारण वजनाचें. गाडीनें स्वतःसह एकंदर किती भार वाहावा हें कारखान्यानें ठरविलेलें असतें. आमची पेटी आणि मांडण्या मिळून दोनशें ऐंशी किलो भरल्या. हे दोनशें ऐंशी किलो मालाच्या वांट्यांतून वजा झाले, आणि गाडी रिकामी असली तरी ते तिच्या पाठीवर राहिले. त्यानें पाटे बसतात, टायर झिजतात, इंधन अधिक लागतें. घेणारा हें ओझें पाहतो. आपण त्यावरचा रंग पाहतों.

दुसरें कारण जोडकामाचें. जेथें वितळजोड दिला किंवा भोक पाडलें तेथें मूळचा गंजरोधक थर जातो. जेथें दिव्यासाठीं तार फोडून दुसरी जोडली तेथें पुढें काय होईल तें सांगतां येत नाहीं. बाहेरच्या कारागिरानें काय केलें आहे हें पेटी काढल्याशिवाय दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याची किंमत घेणारा आपल्या भीतीच्या प्रमाणांत कापतो.

तिसरें कारण कायद्याचें, आणि याबाबत माझें अज्ञान अक्षम्य होतें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रकांतील तपशील आणि उत्पादकानें ठरविलेलें स्वरूप यांच्याशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि एका प्रकरणांत हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मालकास सांगितली आहे. आमच्या पत्रकांत हौदा उघडा आणि गाडीवर पेटी बंद! विमापत्रांतहि या पेटीची नोंद नव्हती. अपघात घडला असता तर त्याच मुद्द्यावर कंपनीशीं वाद उभा राहिला असता. “सगळे असेंच करतात,” असें पेटी करणाऱ्यानें सांगितलें होतें आणि आम्हीं तें प्रमाण मानलें होतें.

चौथें कारण मात्र मला कोणीं सांगावें लागलें नाहीं. तीं कडीं आमच्या पातेल्यांच्या मापाचीं होतीं. जगांत आमचीं पातेलीं दुसऱ्या कोणाकडेहि नाहींत. ही गाडीची घडणावळ! जी वस्तु जितकी अधिक आपली करावी तितकी ती दुसऱ्याची कमी होते.

या ज्ञानानंतर आम्ही दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलों. त्यानें जुनीचे चार लक्ष तीस हजार सांगितले. पुतण्या उठूं लागला. पण मीं त्याला बसविलें आणि नव्या गाडीवरील सवलत विचारली. पहिल्यानें नव्या गाडीवर दहा हजार सोडले होते, हा पंचावन्न हजार सोडीत होता. म्हणजे पहिल्याकडे एकूण चार लक्ष सत्तर हजार, आणि दुसऱ्याकडे चार लक्ष पंच्याऐंशी हजार. जो जुनीला तीस हजार कमी देत होता त्याच्याकडेच पंधरा हजारांचा लाभ! अदलाबदलीच्या व्यवहारांत जुनीला काय मिळालें आणि नवीवर काय सुटलें हे दोन आंकडे विक्रेता मनास येतील तसे हलवूं शकतो. आपण एकच आंकडा विचारावा: जुनी देऊन, सर्व करांसह, वर खिशांतून किती घालावयाचे? सुनामुलींनीं हें एवढें जरी ध्यानांत ठेवलें तरी हा लेख सार्थकीं लागला असें मी समजेन.

तरीहि खासगी रीतीनें विकून पाहावें असें ठरलें. त्याआधीं पेटी आणि मांडण्या उतरविल्या. सुदैवानें मांडण्या नटबोल्टांनीं बसविल्या होत्या, त्यामुळें त्या अखंड निघाल्या. पेटी मात्र कांहीं ठिकाणीं हौद्याला वितळजोडानें धरली होती, ती कापावी लागली. हौदा घासून, भोकें बुजवून, रंग देऊन पूर्ववत् करण्यास नऊ हजार पडले. ‘अन्नपूर्णा’ लिहिलेला पत्रा वहिनींनीं मोडीत जाऊं दिला नाहीं. तो सध्यां आमच्या माळ्यावर आहे.

प्रथम एक दलाल आला. त्यानें पांच लक्ष चाळीस हजार रोख देऊं केले. अट एवढीच, कीं गाडी आज न्यावयाची आणि नांवावर दोन महिन्यांनीं, पुढचें गिऱ्हाईक मिळाल्यावर करावयाची. पुतण्याचे डोळे चमकले. मीं त्याला आंत बोलावून सांगितलें, कीं २०१८ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें असाच प्रश्न निकालांत काढला आहे. गाडी हातोहात चार जणांना विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नांवावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथीं. म्हणजे उद्यां कोठें एखादा जीव गेला तर दावा आमच्या घरावर यावयाचा. दलाल चहा घेऊन गेला.

आठवड्यानें सासवडकडचा एक तरुण आला. अंजीर आणि सीताफळें तो मार्केट यार्डांत आणीत असे. बरोबर मेस्त्री होता. मेस्त्र्यानें गाडी उभी, आडवी, खालून, वरून पाहिली, चालवून पाहिली, आणि पांच लक्ष वीस हजारांवर सौदा तुटला. पुतण्या कागद आणावयास उठला. आतां या गाडीची एक गोष्ट मेस्त्र्याच्या नजरेंतून सुटली होती. २०२३ सालीं घाटांत ती कठड्याला घासून डावें दार आणि त्याखालची चौकट चेपली होती. दुरुस्ती उत्तम झाली होती. इतकी उत्तम, कीं कळतच नव्हतें.

मला माझ्या विद्येची या वेळीं अडचण झाली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदीविक्रीचा पश्चात्ताप, हें एक आहे. घेणाऱ्याला वा देणाऱ्याला पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत वस्तु परत करण्याची तेथें मुभा आहे. कौटिल्य अधिक व्यवहारी. तो व्यापाऱ्यांना एक रात्र देतो, शेतकऱ्यांना तीन आणि गुराख्यांना पांच. त्याच मनूनें विकणाऱ्यालाहि बजावलें आहे, कीं भेसळीचें, निःसत्त्व, मापांत कमी किंवा झांकून ठेवलेलें असें कांहीं विकूं नये. आजच्या कायद्यांत, १९३० च्या मालविक्री अधिनियमांत, पारखून घेण्याचा भार सामान्यतः घेणाऱ्यावर आहे. त्याला अपवाद आहेत, पण आमच्यासारख्या घरगुती विक्रीस त्यांचा फारसा जाच नाहीं. कायद्यानें मी मोकळा होतों. पण रंगाखालीं झांकलेली चौकट ‘झांकलेलें’ या शब्दांत येत नाहीं असा अर्थ मला कांहीं केल्या लावतां येईना. हेंच प्रकरण मीं वर्गांत मुलांना शिकविलें होतें.

मीं पुतण्याला हांक मारून विचारलें, “घाटांतलें सांगितलेंस का रे?”

त्यानें माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती मी विसरणार नाहीं. मग त्यानें सगळें सांगितलें. दुरुस्तीचें बिलहि आणून दाखविलें. तो तरुण आणि मेस्त्री बाहेर गेले, दार उघडून बॅटरीनें पुन्हां पाहिलें, परत येऊन ओट्यावर बसले. तरुण म्हणाला, “मास्तर, काम चांगलं केलंय. पण पंधरा हजार कमी करा.” पांच लक्ष पांच हजारांवर व्यवहार ठरला. दुसऱ्याच दिवशीं संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयाकडे दोघेहि गेले आणि नमुना २९ व नमुना ३० यांवर सह्या झाल्या. बँकेच्या बोजाच्या मुक्ततेचा नमुना ३५ आम्हीं अगोदरच दिला होता. विकणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत ही वर्दी द्यावयाची असते. विमाहि चौदा दिवसांत घेणाऱ्याच्या नांवें करून घ्यावा लागतो.

पुतण्या दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. त्याचें बरोबर होतें. पंधरा हजार त्याच्या घामाचे होते आणि समाधान माझें होतें. अदलाबदलीपेक्षां खासगी विक्रींत वीस हजार अधिक आले, त्यांतले नऊ हजार दुरुस्तीस गेले. बाकी राहिले अकरा हजार आणि तीन आठवड्यांची धांवपळ.

तिसऱ्या दिवशीं मी वहिनींची कामाची वही घेऊन बसलों. माझें तें जुनें वाक्य मला स्वस्थ बसूं देत नव्हतें. वहींत चार वर्षांत दोनशें एक्याऐंशी कामें नोंदलीं होतीं. मांडण्या नसत्या तर प्रत्येक कामास दोन खेपा आणि एक जादा गडी लागला असता. पुतण्याच्या हिशेबानें कामागणिक नऊशें रुपये. गुणाकार दोन लक्ष बावन्न हजार नऊशें झाला. खर्च होता दोन लक्ष पस्तीस हजार, आणि पाटल्यांवरचें व्याज सुमारें साठ हजार. म्हणजे अजून बेचाळीस हजारांची खोट. ती कोठून भरून येणार? नवी गाडी आम्हीं कारखान्याच्याच बंद हौद्याची, पत्रकांत तशीच नोंद होईल अशी मागविली आहे, आणि जुन्या मांडण्या तिच्यांत नटबोल्टांनीं बसणार आहेत. एक मांडणी चार इंच कापावी लागेल. ती खोट त्या मांडण्याच भरतील.

तेव्हां माझें वाक्य समूळ खोटें होतें असें नाहीं. तें चुकीच्या जागीं बोट दाखवीत होतें. पैसा गाडींत राहिला नव्हता. तो रोजच्या खेपेंत थोडाथोडा परत येत होता आणि पिठामिठांत, शाळेच्या फींत, औषधांत खर्च होत होता. वहिनींनीं मात्र तो गाडींत सांठला आहे अशा भरंवशावर चार वर्षें रिकाम्या मनगटांनीं पोळ्या लाटल्या, आणि तो भरंवसा मीं दिला होता. आपल्या सोयीसाठीं वस्तूंत जो बदल करावा त्याचा खर्च उपयोगाच्या खात्यावर लिहावा, ठेवीच्या खात्यावर लिहूं नये. उपयोगांतून तो फिटत असेल तर जरूर करावा; विकतांना मिळेल या आशेवर करूं नये, आणि दुसऱ्याला तर तसें मुळींच सांगूं नये.

विक्रीच्या पैशांतून पहिल्यानें तारणाचे बाकी राहिलेले एक लक्ष चाळीस हजार भरले; उरलेले नव्या गाडीस लागले. त्यामुळें तिचें कर्ज पुतण्याला थोडें अधिक काढावें लागलें. तें त्यानें आपण होऊन मान्य केलें, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशीं पुन्हां बोलूं लागला. मीं वहिनींजवळ जाऊन सांगितलें, “वहिनी, तेव्हां मीं तुम्हांला चुकीचें सांगितलें.” त्या पाटल्या निरशा दुधानें पुशीत होत्या. म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही नाहीं म्हणाला असतात तरी मीं दिल्याच असत्या. मुलाचें काम होतें.” मग त्यांनीं दोन पाटल्या हातांत घातल्या आणि दोन कपाटांत ठेवल्या.